पर्यायी प्रथिनांत करिअर करायचंय? आधी एक प्रक्रिया हातात बसवा

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फूड टेक किंवा केमिकल इंजिनिअरिंग शिकणारी मुंबईतली मुलं नेहमी विचारतात, ‘अल्टरनेटिव्ह प्रोटीनमध्ये जायचंय, कुठला कोर्स करू?’ अल्टरनेटिव्ह प्रोटीन म्हणजे प्राणी न पाळता वनस्पतींतून, सूक्ष्मजीवांतून किंवा टाकीत वाढवलेल्या पेशींतून मिळवलेलं प्रथिन. कोर्सचं नाव सांगण्याआधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या क्षेत्राच्या नावाने निघणाऱ्या जागा थोड्या असतात. कंपन्यांना माणसं हवी असतात ती एक्स्ट्रूडर (पीठ दाबाने ढकलून आकार देणारं यंत्र) चालवणारी, फर्मेंटरची (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीची) रात्रपाळी सांभाळणारी, पेशी निर्जंतुक ठेवून वाढवणारी, पदार्थाचा पोत मोजणारी आणि एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) फाइल तयार करणारी. यातलं एक काम नीट येत असेल, तर या क्षेत्रात जागा मिळते. क्षेत्र मंदावलं, तर तेच काम औषध, एन्झाइम किंवा खाद्यघटकांच्या कारखान्यात चालतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

मंदीचा विचार करायलाच हवा. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर २०१३ साली लंडनमध्ये दाखवला. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने पेशीसंवर्धित (कोंबडीच्या पेशी टाकीत वाढवून केलेलं) चिकन विकायला परवानगी दिली, जून २०२३ मध्ये अमेरिकेने दिली. त्याच २०२३ मध्ये इटलीने बंदी घातली आणि २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि अलाबामा या राज्यांनीही घातली. २०२२ नंतर जगभर या क्षेत्रातली गुंतवणूक आटली. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बायोई३ हे जैवतंत्रज्ञान उत्पादनाचं धोरण मंजूर केलं आणि त्यात स्मार्ट प्रोटीन, म्हणजे हीच पर्यायी प्रथिनं, हा एक ठळक विषय आहे. मुंबईत या क्षेत्राला चालना देणाऱ्या गुड फूड इन्स्टिट्यूट इंडिया या संस्थेचं काम चालतं. ब्लू ट्राइब आणि इमॅजिन मीट्स या वनस्पतिजन्य मांसाच्या कंपन्या इथल्याच, पेशीसंवर्धित चिकनवर काम करणारी बायोक्राफ्टही इथलीच. पुण्यात वनस्पतिजन्य प्रथिनांची प्रोइऑन आहे. म्हणजे दारं आहेत, पण मोजकी आहेत आणि आत जागाही मोजक्याच.

आता कामाकडे वळू.

वनस्पतिजन्य प्रथिनं

सुरुवात करायला हा भाग सर्वांत सोयीचा, कारण याची यंत्रं आपल्याकडे जुनी आहेत. किराणा दुकानात मिळणाऱ्या सोया वड्या एक्स्ट्रूडरमधूनच येतात. तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठात साधारण ५० टक्के प्रथिनं असतात. त्यात २० ते ३५ टक्के ओलावा ठेवून ते गरम बॅरलमधून दाबाने ढकलतात. डायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या साच्याच्या, तोंडाशी दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होते आणि वडी फुगते. नव्या ‘चिकनसारख्या’ तुकड्यांसाठी ओलावा ५० ते ७० टक्के ठेवतात, बॅरलचं तापमान १२० ते १६० अंशांच्या घरात नेतात आणि शेवटी लांब कूलिंग डाय लावतात. वितळलेलं प्रथिन त्या थंड होत जाणाऱ्या अरुंद वाटेतून सरकताना धाग्यांत रचलं जातं. बाहेर पडताना ते १०० अंशांच्या खाली आलेलं नसेल, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन धागे फाटतात आणि हातात स्पंजसारखा गोळा येतो.

नवशिक्याने काय बिघडतं हे आधी शिकावं. पिठाचा पुरवठा आणि पाण्याचा पंप यांचा मेळ बसला नाही की यंत्र ‘सर्ज’ होतं, म्हणजे टॉर्क वर-खाली नाचतो आणि तुकडा कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत निघतो. सुरुवात जास्त पाण्याने करायची आणि मग पाणी हळूहळू कमी करायचं. बंद करतानाही उलट क्रमाने पाणी वाढवून आतला माल धुऊन काढायचा. गरम बॅरलमध्ये प्रथिन तसंच राहिलं तर ते दगडासारखं बसतं, स्क्रू बाहेर काढून खरवडावा लागतो आणि अख्खी पाळी जाते. प्रत्येक पोत्याचा ओलावा वेगळा असतो. जून ते सप्टेंबर तर तुर्भे-तळोज्याच्या गोदामात ठेवलेलं पीठ हवेतली ओल ओढतं. पाककृतीत लिहिलेलं पाणी तेवढंच घातलं तर गणित चुकतं. म्हणून रोज सकाळी पिठाचा ओलावा मोजणारा ऑपरेटर आर अँड डीतल्या पदवीधरापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

एक्स्ट्रूडरच्या आधीचा टप्पा म्हणजे डाळीतून प्रथिन वेगळं काढणं. इथे ज्याला वस्तुमानाचा हिशोब मांडता येतो, तो मुलाखतीत पुढे जातो. १० किलो मूगडाळीत सुमारे २४ टक्के प्रथिनं, म्हणजे २.४ किलो. ओल्या पद्धतीने त्यातली ६५ टक्के हाती लागली तर साधारण १.५६ किलो. ८५ टक्के शुद्धतेची पावडर धरली तर ती सुमारे १.८ किलो भरते. उरलेलं ८ किलो म्हणजे स्टार्च आणि चोथा. या ८ किलोला गिऱ्हाईक नसेल तर १.८ किलोवर सगळ्या डाळीचा खर्च चढतो. कितीतरी चांगल्या कल्पना इथेच अडतात. स्टार्च कोण घेणार, हा प्रश्न स्वतःहून काढणारा उमेदवार विरळा.

बर्गर-कबाब प्रकारात मिथाइलसेल्युलोज हा बांधून ठेवणारा घटक समजून घ्या. साधारण १ ते २ टक्के वापरतात. हे गरम झाल्यावर घट्ट होतं आणि गार झाल्यावर पुन्हा सैल पडतं, जिलेटिनच्या नेमकं उलट. म्हणून तव्यावर टिक्की छान धरते आणि डब्यात गार झाली की मऊ पडते. ते थेट थंड पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. आधी तेलात किंवा कोरड्या पिठात मिसळून मग बर्फाच्या पाण्यात फेटावं लागतं.

आणि आपल्या स्वयंपाकाचा मुद्दा. परदेशी पाककृती तव्यावर किंवा ग्रिलवर पाच-सात मिनिटं भाजण्यासाठी बनतात. आपला खिमा किंवा रस्सा १५-२० मिनिटं उकळतो, त्यात कांदा-टोमॅटोचा आंबटपणा असतो, मीठ असतं. सोयाचा हिरवट वास मसाल्याखाली बराच दबतो, पण पोत लपत नाही. तुकडा रश्श्यात विरघळला की गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून चाचणी कढईत, झाकण ठेवून, पूर्ण वेळ शिजवून करायची. शीतसाखळीचीही चाचणी अशीच कडक हवी. उणे १८ अंशांना ठेवायचा माल छोट्या दुकानात रात्री फ्रीझर बंद झाल्यावर वितळतो आणि सकाळी पुन्हा गोठतो. बर्फाचे मोठे स्फटिक धागे तोडतात आणि शिजवताना पाणी सुटतं. तीन वेळा वितळवून-गोठवून मग शिजवून बघणं, ही साधी चाचणी.

प्रिसिजन फर्मेंटेशन

यीस्ट किंवा बुरशीत गायीच्या दुधाच्या किंवा अंड्याच्या प्रथिनाचं जनुक घालून ते प्रथिन टाकीत बनवून घ्यायचं, हा यातला गाभा. पिचिया यीस्ट लोकप्रिय आहे. ठरलेला क्रम असा: शेकर फ्लास्कमध्ये बीज वाढवायचं, मग छोटा सीड फर्मेंटर, मग मोठा. मोठ्या टाकीत २८ ते ३० अंशांना आधी ग्लिसरॉलवर पेशी वाढवायच्या. ग्लिसरॉल संपलं की विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा एकदम वर उडी मारतो. त्या खुणेनंतर थेंबाथेंबाने खाद्य सुरू करायचं आणि नंतर मिथेनॉल देऊन प्रथिन बनवणं चालू करायचं. मिथेनॉल जास्त साचलं तर पेशी मरतात. तपासायची युक्ती सोपी: खाद्य काही क्षण थांबवायचं. ऑक्सिजन लगेच वर गेला तर पेशी भुकेल्या आहेत, रेंगाळला तर मिथेनॉल साचलंय. मिथेनॉलचा पेट घेण्याचा धोका खाद्यकारखान्यात कुणालाच नको असतो, म्हणून मिथेनॉलविरहित प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) बरंच काम चालतं.

अडथळा बहुतेक वेळा जनुकात नसतो, तो हवा आणि उष्णतेत असतो. दाट वाढलेल्या यीस्टला प्रचंड ऑक्सिजन लागतो आणि ते तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडाशी वेट-बल्ब तापमान (बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जेवढं थंड होऊ शकतं ते) २७-२८ अंशांपर्यंत जातं. कूलिंग टॉवरचं पाणी त्याहून तीन-चार अंश वरच राहणार. ३० अंशांच्या टाकीला ३१ अंशांच्या पाण्याने थंड करता येत नाही, चिलर चालवावा लागतो आणि विजेचं बिल वाढतं. प्रक्रिया युरोपातल्या पेपरमधून उचलून खर्च मांडणाऱ्यांच्या कागदावर हा आकडा नसतो. फेसाचंही तसंच. अँटिफोम सढळ ओतला की फेस बसतो, पण ऑक्सिजनची देवाणघेवाण मंदावते आणि पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनची (प्रथिन गाळून घट्ट करण्याची) पटलं तुंबतात.

एक हिशोब तोंडपाठ असू द्या. १०,००० लिटरच्या टाकीत कामाचं आकारमान ७,५०० लिटर धरलं आणि लिटरमागे १० ग्रॅम प्रथिन मिळालं, तर बॅचला ७५ किलो. सेंट्रिफ्यूज, गाळणी, वाळवणी यांत ३० टक्के गेले, तर हातात साडेबावन्न किलो. एवढ्यासाठी टाकी जवळपास आठवडाभर अडकते. आता लिटरमागे ५० ग्रॅम का हवेत, हे कुणी वेगळं सांगायला नको.

हे काम शिकायला पर्यायी प्रथिनांच्याच कंपनीत जायची गरज नाही. ठाण्यातली अॅडव्हान्स्ड एन्झाइम, रबाळ्यातली रिलायन्स लाइफ सायन्सेस, शिवाय पट्ट्यातल्या प्रतिजैविकं आणि लसींच्या कंपन्या आहेतच. अशा ठिकाणी दोन वर्षं बॅच रेकॉर्ड लिहिणं, स्टीम स्टरिलायझेशन करणं आणि बॅच दूषित झाली की मूळ शोधणं शिकलेला माणूस कुठेही उभा राहतो. दूषित बॅचचं मूळ बहुतेकदा बीजात, नमुना घ्यायच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा झिजलेल्या गॅस्केटमध्ये सापडतं. विरजण खराब असेल तर दही कितीही चांगल्या दुधाचं लावा, बिघडतंच. त्यामुळे पहिला संशय बीजावर.

पेशीसंवर्धित मांस

वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त झळकणारा आणि नोकऱ्या सर्वांत कमी देणारा हा भाग. औषध कंपनीत पेशी वाढवतात, प्रथिन माध्यमातून (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवातून) गोळा करतात आणि पेशी फेकतात. इथे पेशी हाच माल. त्यामुळे औषधाला परवडणारं महाग माध्यम इथे परवडत नाही. नेहमीच्या प्रयोगशाळेत १० टक्के गर्भवासराचा सीरम (रक्तातला द्रव) घालतात. तो काढून टाकायचा तर अल्ब्युमिन आणि एफजीएफ-२ सारखे वाढघटक वेगळे घालावे लागतात आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून ‘मला पेशी वाढवता येतात’ यापेक्षा ‘मी सीरम टप्प्याटप्प्याने कमी करून पेशी टिकवल्या आणि दुप्पट होण्याचा वेळ मोजला’ हे वाक्य बायोडेटात जास्त वजनदार ठरतं.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. मायकोप्लाझ्मा हा पेशी दूषित करणारा अतिसूक्ष्म जिवाणू नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा परिणाम होत नाही आणि माध्यमही गढूळ होत नाही. पेशी फक्त मंद वाढतात आणि तीन महिन्यांचे आकडे वाया जातात. महिन्यातून एकदा तरी पीसीआर चाचणी, नवी पेशीरेषा आली की वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणं, पावसाळ्यात एसीचे फिल्टर आणि इन्क्युबेटरमधलं पाण्याचं ताट वेळच्या वेळी बदलणं, या सवयी लागायला सहा महिने रोज हुडसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसावं लागतं. ते बसणं परळ, खारघर, कलिन्याच्या संशोधन प्रयोगशाळांत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून मिळू शकतं. विषय कर्करोगाचा असला तरी हाताला वळण तेच लागतं. माशांत रस असेल तर वर्सोव्याची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज एज्युकेशन विसरू नका. कोचीच्या सीएमएफआरआय या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०२४ मध्ये संवर्धित मासळीसाठी एका खासगी कंपनीशी हात मिळवला आहे आणि माशांच्या पेशी वाढवू शकणारी माणसं थोडी आहेत.

शिक्षण

माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे १९३३ पासूनची जुनी यूडीसीटी, इथला फूड इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी विभाग हा सरळ रस्ता. बी.टेक.ला एमएचटी-सीईटी, एम.टेक.ला गेट. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग. बीएस्सीनंतर जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एमएस्सी-एमटेकसाठी गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा. बाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय आणि कुंडली, तंजावरच्या निफ्टेम या अन्नतंत्रज्ञानाच्या संस्था. गृहविज्ञान किंवा न्यूट्रिशन शिकलेल्यांनी सेन्सरी चाचणीकडे वळावं. प्रशिक्षित पॅनेल बसवणं, ट्रँगल टेस्ट (तीन नमुन्यांतला वेगळा ओळखायला लावणं) घेणं आणि आकडेवारी काढणं येणारी माणसं कंपन्यांना सहज सापडत नाहीत. डिप्लोमा मेकॅनिकल किंवा केमिकल केलेल्यांनी स्वतःला कमी समजू नये, पायलट प्लांट त्यांच्यावरच चालतो.

पदवी कुठलीही असो, जेलडाल पद्धतीने (आधी नायट्रोजन मोजून) प्रथिन मोजता आलं पाहिजे आणि नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं की सोयासाठी ५.७१ ने, हे विचारण्याचं भान हवं. दोन पुरवठादारांचे आकडे वेगळे दिसतात, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

घरी करता येईल असा प्रकल्प

कॉलेजात इंटर्नशिप मिळत नसेल तर हे करा. १०० ग्रॅम मूगडाळीचं बारीक पीठ, १ लिटर पाणी. पीएच पट्ट्या किंवा स्वस्त मीटर घ्या. फूड-ग्रेड सोडियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून पीएच ९ करा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. तासभर ढवळा. फडक्यातून गाळा, चोथा बाजूला वाळवा. गाळलेलं द्रव फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवा, तळाशी स्टार्चचा पांढरा साका बसेल. वरची निवळी अलगद ओता. त्यात सायट्रिक आम्लाचं द्रावण घालत पीएच ४.५ वर आणा. दुधासारखं फाटतं, ते प्रथिन. फ्रीजमध्ये रात्रभर बसू द्या, वरचं पाणी काढा, थंड पाण्याने एकदा धुवा आणि पीएच ७ करून ताटात पातळ पसरून वाळवा. चोथा, साका, प्रथिन, सगळ्यांचं कोरडं वजन लिहा.

पीएच १० च्या वर गेला तर रंग गडद होतो आणि लायसिन या अमिनो आम्लाचं नुकसान होतं. मे महिन्यात भांडं ओट्यावर राहिलं तर आंबतं, पीएच आपोआप उतरतो आणि स्टार्चबरोबरच प्रथिनही तळाशी बसतं, मग निवळीत काही उरत नाही. वाळवलेल्या प्रथिनावर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आत आहे आणि तुमचं ‘उत्तम उत्पादन’ फुगवलेलं आहे. एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून एका नमुन्याचं प्रथिन तपासून घ्या. वेगवेगळ्या पीएचवर पाच-सहा वेळा करून त्याचा तक्ता बनवा. हा नमुना अभ्यासाचा आहे, कुणाला खायला देऊ नका.

खाता येईल असं हवं असेल तर टेंपे. सोयाबीन रात्रभर भिजवून सालं काढा, अर्धा-पाऊण तास उकडा, फडक्यावर पूर्ण कोरडं करा, किलोमागे दोन-तीन चमचे व्हिनेगर लावा, ३५ अंशांच्या खाली आलं की रायझोपस स्टार्टर मिसळा आणि छिद्रं पाडलेल्या पिशवीत बोटभर जाडीत भरा. ३० ते ३२ अंशांना २४ ते ३६ तास. मुंबईत वर्षातले बरेच महिने इन्क्युबेटर लागत नाही. बारा तासांनंतर बुरशी स्वतः उष्णता सोडते, थर जाड असेल तर मध्यभागी तापून मरते. चिकट झालं किंवा अमोनियाचा वास आला तर दाणे ओले होते, फेकून द्या. छिद्रांजवळ करडे-काळे ठिपके दिसले तर ते बीजाणू, घाबरायचं कारण नाही.

कायद्याची बाजू

कंटाळवाणी वाटते म्हणून कुणी शिकत नाही आणि म्हणूनच इथे मागणी आहे. व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम २०२२ चे. ज्याचं मानक ठरलेलंच नाही अशा घटकासाठी २०१७ चे नॉन-स्पेसिफाइड फूडचे नियम लागतात, त्यात सुरक्षेची माहिती आणि इतर देशांतली स्थिती मांडावी लागते. जनुक बदललेला जीव असेल तर संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग आरसीजीएम, मग जीईएसी या केंद्रीय समित्या. वनस्पतिजन्य पेयाच्या पाकिटावर ‘दूध’ छापता येत नाही, नारळाच्या दुधासारखे जुने अपवाद सोडून. एफएसएसएआयचं फॉसटॅक प्रशिक्षण आणि एचएसीसीपीचा (उत्पादनातले धोके ओळखून आवरण्याच्या पद्धतीचा) एक आराखडा स्वतः लिहून ठेवलेला असला तर अर्जात तो जोडा.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर बिरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग योजना १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान देते. विद्याविहारच्या सोमय्या संकुलातलं रिडल आणि पुण्याचं व्हेंचर सेंटर या नवउद्योगांच्या केंद्रांत प्रयोगशाळेची जागा मिळू शकते. अर्जात ‘बाजारपेठ मोठी आहे’ याला पानं घालवू नका. आत्ता किलोचा खर्च किती, १८ महिन्यांत कुठला आकडा किती हलेल आणि तो कोण मोजणार, एवढं नेमकं लिहा.

मुलाखतीला गेलात तर तुम्हीही विचारा. एक्स्ट्रूडर स्वतःचा आहे की कंत्राटी कारखान्यात वेळ विकत घेता? महिन्याला किती तास मिळतात? आतापर्यंत सर्वांत मोठी बॅच किती लिटरची झाली? पैसे किती महिन्यांचे शिल्लक आहेत? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चांगला संस्थापक त्याचं सरळ उत्तर देतो. करारात बाँड असेल तर कंपनी बंद पडली किंवा तुमचं पद गेलं तर तो लागू राहतो का, हे लेखी घ्या. नाव पेटंटवर येणार का आणि सोडल्यावर किती काळ याच क्षेत्रात काम करू नये असं लिहिलंय, हेही सही करण्याआधी वाचा.